जिंजरएएलई: मेंदूच्या अभ्यासांची मोट बांधणारं साधन, दोन वर्षं वापरल्यानंतर

पहिल्या दिवशी मी जिंजरएएलईच्या मेनूत फॉरेस्ट प्लॉट शोधत बसले होते. त्याआधी अकरा वर्षं माझं काम औषधांच्या चाचण्या एकत्र करण्याचं. तिथे प्रत्येक अभ्यासाचा एक चौकोन असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना कॉन्फिडन्स इंटरव्हलची (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते दाखवणारी) रेघ आणि तळाशी सगळ्यांचा मिळून एक हिरा. कोणाचं वजन किती, कोण इतरांपासून फटकून उभा आहे, हे एका नजरेत कळतं. मानसोपचारात काम करणाऱ्या एका मैत्रिणीने फंक्शनल एमआरआयच्या (मेंदूचा कोणता भाग कधी सक्रिय होतो ते दाखवणाऱ्या स्कॅनच्या) अभ्यासांची मेटा-अनॅलिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब, करायला बोलावलं, तेव्हा मला वाटलं की आकडे वेगळे असतील, रीत तीच असेल. रीत तीच नव्हती. हे नीट उमगायला मला सहा महिने लागले. ते आधीच कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हा रिव्ह्यू.

जिंजरएएलई हे ब्रेनमॅप प्रकल्पाचं मोफत सॉफ्टवेअर. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठात पीटर फॉक्स आणि जॅक लँकेस्टर यांनी हा प्रकल्प उभा केला. सॉफ्टवेअर जावावर चालतं, त्यामुळे विंडोज, मॅक किंवा लिनक्स काहीही असलं तरी अडत नाही. कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. याच घरातलं स्लूथ डेटाबेसमधून अभ्यास शोधून देतं आणि मँगो तयार झालेलं चित्र दाखवतं. नावातलं एएलई म्हणजे ॲक्टिव्हेशन लाइकलिहुड एस्टिमेशन. पीटर टर्केलटॉब आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत 2002 मध्ये मांडली, तीही एकेक शब्द मोठ्याने वाचण्याच्या अभ्यासांवर.

अशा पद्धतीची गरजच का पडली, हे आधी सांगते, कारण सगळ्या खुब्या आणि सगळ्या खोडी तिथूनच येतात. एका अभ्यासाचा नकाशा 2 मिलिमीटरच्या साच्यात (सगळ्या मेंदूंना एका मापात आणणाऱ्या नमुना-मेंदूत) बसवला तर मेंदूच्या आत सव्वादोन लाखांहून जास्त व्हॉक्सेल, म्हणजे छोटे घनाकार तुकडे, येतात. प्रत्येक व्हॉक्सेलला एक आकडा. एवढं सगळं मोजून झाल्यावर पेपरमध्ये छापलं काय जातं? दहा-बारा ओळींचा एक तक्ता: जागा सांगणारे एक्स, वाय, झेड, शेजारी टी किंवा झेड स्कोअर, म्हणजे तिथला संकेत किती ठळक ते. थ्रेशोल्ड, म्हणजे ठरवलेली किमान मर्यादा, ओलांडलेल्या ठिपक्यांमधली शिखरं तेवढी. बाकी सगळं संशोधकाच्या डिस्कवर राहतं आणि डिस्कसोबत जातं. औषधांच्या चाचणीत कोणी मला फक्त ‘ज्या केंद्रांवर औषध चाललं त्यांची नावं’ दिली असती, तर मी तो पेपर परत पाठवला असता. इथे गेली कित्येक वर्षं छापील साहित्याचं तेच स्वरूप आहे. जे आहे त्यातून काय काढता येईल, या प्रश्नाला एएलई हे उत्तर आहे, आणि त्या मर्यादेत ते प्रामाणिक उत्तर आहे असं माझं मत आहे.

चालतं ते असं. प्रत्येक शिखर म्हणजे एक टोकदार बिंदू न धरता त्याभोवती गॉसियन, म्हणजे घंटेसारख्या, आकाराचा ढीग घालायचा, कारण शिखराची जागा नेमकी कळलेलीच नसते. ढीग किती पसरट घ्यायचा, हे सुरुवातीला वापरणाऱ्याने ठरवायचं असे. 2009 मध्ये सायमन आयकहॉफ आणि सहकाऱ्यांनी ते मोजूनच काढलं: वेगवेगळ्या साच्यांमुळे येणारा फरक सरासरी 5.7 मिलिमीटर, माणसामाणसांतला 11.6 मिलिमीटर. हा दुसरा भाग सॅम्पल वाढला की आकसतो. म्हणून चाळीस जणांच्या अभ्यासाचा ढीग उंच आणि निमुळता, आठ जणांचा बसका आणि पसरट. एका प्रयोगाचे सगळे ढीग मिळून त्याचा एक नकाशा होतो. मग प्रत्येक व्हॉक्सेलपाशी विचारायचं, इतक्या प्रयोगांपैकी निदान एकाचं शिखर इथे असण्याची शक्यता किती? तो एएलईचा आकडा. आणि तीच शिखरं मेंदूभर कशीही विखुरली असती तर हा आकडा किती आला असता, त्याच्याशी तुलना.

हे शेवटचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. इथे नल हायपॉथेसिस, म्हणजे तपासण्यासाठी आधी खरा धरलेला दावा, ‘परिणाम शून्य आहे’ असा नाही. ‘शिखरं एका जागी गोळा होत नाहीत’ असा आहे. माझ्या जुन्या कामात मी विचारायचे, परिणाम किती मोठा? जिंजरएएलई सांगतं, शिखरांची गर्दी कुठे आहे. तक्त्यातला टी स्कोअर ते पाहतही नाही. 3.2 चं शिखर आणि 9.8 चं शिखर त्याच्या लेखी सारखंच. प्रयोगाचं वजन येतं ते सॅम्पलवरून, तेही फक्त ढिगाच्या आकारातून. वाढ आणि घट यांतला फरकही त्याला कळत नाही, रुग्णांत जास्त आणि रुग्णांत कमी अशा दोन फाइली आपणच वेगळ्या ठेवायच्या.

आणि ज्या अभ्यासात काहीच सापडलं नाही, त्याचं काय? त्याला शिखर नाही, म्हणून फाइलीत ओळ नाही, म्हणून हिशेबात तो नाही. औषधांच्या कामात नकारात्मक चाचणी शोधून काढायला मी महिनोन्महिने पत्रव्यवहार केलाय. इथे ती हातात असूनही आत घालायला जागा नसते, हे मला अजूनही सलतं.

तरीही या पद्धतीची ताकद मला पटली ती एका रिकाम्या निकालामुळे. 2017 मध्ये वेरोनिका म्युलर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरचे 99 प्रयोग एएलईने एकत्र केले. भावनिक आणि बौद्धिक कामं करताना नैराश्याच्या रुग्णांचा मेंदू निरोगी लोकांपेक्षा कुठे वेगळा वागतो, हा प्रश्न होता. शिखरं कुठेच भरवशाने एकत्र आली नाहीत. आधीच्या मेटा-अनॅलिसिसनी तर वेगवेगळे भाग छातीठोकपणे सांगितले होते. जे साधन ‘इथे काही जमत नाही’ असं सांगू शकतं, त्याच्या ‘इथे जमतं’ या म्हणण्याला मी किंमत देते.

आता प्रत्यक्ष वापर. फाइल साधी टेक्स्ट असते. पहिल्या ओळीत कोणती अवकाशप्रणाली (मेंदूतल्या जागा मोजण्याची चौकट) ते, मग प्रत्येक प्रयोगाचं नाव, सहभागींची संख्या, खाली तीन-तीन आकड्यांच्या ओळी. दिसायला पाच मिनिटांचं काम. माझा दोन वर्षांतला बहुतेक वेळ याच फाइलीत गेला आणि माझी सगळ्यात मोठी चूकही इथेच झाली. मी दोन प्रणाली एकत्र केल्या.

तलैराख आणि एमएनआय (मॉन्ट्रिअल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटची) या त्या दोन प्रणाली. 1988 चा तलैराख-तूर्नू नकाशा एकाच साठ वर्षांच्या स्त्रीच्या मृत्यूनंतरच्या मेंदूवर बेतलेला आहे, तर आज सर्रास वापरला जाणारा एमएनआयचा साचा 152 तरुणांच्या स्कॅनची सरासरी आहे. दोन्हींत तोच बिंदू काही ठिकाणी सेंटिमीटरभर सरकतो. पेपरमध्ये ‘तलैराख कोऑर्डिनेट्स’ असं लिहिलेलं असतं, पण विश्लेषण झालेलं असतं एसपीएम या सॉफ्टवेअरमध्ये, ज्याचा साचा एमएनआयचा. म्हणजे ‘तलैराख’ हा शब्द नुसता ‘प्रमाणित अवकाश’ या अर्थाने आलेला असतो. मी पेपरातल्या शब्दावर विश्वास ठेवला आणि चार अभ्यास जिंजरएएलईच्या कन्व्हर्टरमधून काढले, जे आधीच एमएनआयमध्ये होते. एक गर्दी अशी आली की तिचं टोक चक्क मेंदूबाहेर डोकावत होतं. तेव्हा संशय आला. चारही पेपरांच्या पद्धतींच्या भागात सॉफ्टवेअरचं नाव बघून सगळं पुन्हा भरावं लागलं. आता मी आधी सॉफ्टवेअर बघते, मग साचा, मग लेखकाने वापरलेला शब्द. एएफएनआय किंवा ब्रेनव्हॉयेजर असेल तर जुन्या पेपरांत तलैराख असण्याची शक्यता जास्त, एसपीएम आणि एफएसएल असेल तर एमएनआय. शंका राहिली तर लेखकाला पत्र. जिंजरएएलई मेंदूच्या मास्कबाहेर, म्हणजे आखलेल्या हद्दीबाहेर, पडलेले बिंदू दाखवून देतं. ती सूचना बंद करून पुढे जाऊ नका, प्रत्येक बिंदू उघडून बघा. ऋण चिन्ह सुटलेलंही तिथेच सापडतं. अर्थात आतल्या आत डावं-उजवं झालेलं असेल तर ते कोणतंच मास्क पकडणार नाही, म्हणून आम्ही दोघींनी प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे भरली आणि मग दोन फाइली ताडून पाहिल्या.

दुसरी गोष्ट निवडीची. काही अभ्यास मुळात अमिग्डालाच (भावनांशी जोडलेला मेंदूचा छोटा भाग) तपासायचा म्हणून तेवढ्याच भागात बघतात. त्यांची शिखरं आत घेतली तर अमिग्डालात गर्दी दिसणारच, कारण नल असं धरतो की शिखर मेंदूत कुठेही पडू शकलं असतं. असे अभ्यास बाहेर ठेवायचे, संपूर्ण मेंदू तपासलेलेच घ्यायचे. मैत्रिणीला हे जिवावर आलं. तिच्या आवडीचे सहा पेपर गळाले. आमची बरीच बाचाबाची झाली. शेवटी तिनेच ते सहा वेगळ्या परिच्छेदात शब्दांत मांडले, आणि तो परिच्छेद आमच्या लेखातला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे.

तिसरी गोष्ट, एकाच गटाचे अनेक कॉन्ट्रास्ट. एका पेपरात त्याच वीस जणांवर तीन तुलना असतील आणि त्या तीन प्रयोग म्हणून भरल्या, तर त्याच माणसांनी तीनदा मतदान केल्यासारखं होतं. यावर 2012 मध्ये टर्केलटॉब यांनी सुचवलेला बदल आता सॉफ्टवेअरमध्येच आहे. मात्र तो कामाला येतो तो सहभागींच्या एका गटाची सगळी शिखरं एका नावाखाली भरली तरच. त्याच प्रयोगशाळेचे दोन पेपर, सहभागी बहुधा तेच, हे मात्र सॉफ्टवेअरला कसं कळणार? ते आपणच वाचून ओळखायचं.

थ्रेशोल्डबद्दल थोडक्यात. व्हॉक्सेलपाशी पी 0.001, मग क्लस्टर (लागून असलेल्या व्हॉक्सेलांचा गट) पातळीवर एफडब्ल्यूई (एकही खोटा निकाल येण्याची शक्यता) 0.05, परम्युटेशन (यादृच्छिक फेरमांडण्या) निदान हजार, वेळ असेल तर दहा हजार. एफडीआरचा (मिळालेल्या निकालांतलं खोट्यांचं प्रमाण आवरण्याचा) पर्याय जुन्या पेपरांत भरपूर दिसतो, पण 2016 च्या सिम्युलेशन अभ्यासाने तो या कामासाठी योग्य नाही असं दाखवलंय. त्याच अभ्यासाने प्रयोगांची संख्याही सांगितली: सतरा ते वीस तरी हवेत. त्याहून कमी असतील तर एखादा प्रयोग एकट्याच्या जोरावर आख्खा क्लस्टर उभा करू शकतो. निकालाच्या तक्त्यात कोणत्या प्रयोगाचा हातभार किती हे दिलेलं असतं. माझ्या मते ते या सॉफ्टवेअरचं सगळ्यात उपयोगी पान आहे, आणि पेपरांत तेच सहसा छापलं जात नाही. माझ्यासारख्या फॉरेस्ट प्लॉटवाल्या माणसाला इथे थोडं घरी आल्यासारखं वाटतं.

आवृत्तीबद्दल बोलल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. 2017 मध्ये निर्मात्यांनी स्वतःच छापून सांगितलं की मल्टिपल कंपॅरिझनच्या (एकाच वेळी लाखो चाचण्या केल्याची भरपाई करणाऱ्या) गणितात दोन चुका होत्या. एफडीआरमधली 2.3.3 मध्ये दुरुस्त झाली, क्लस्टर पातळीवरची 2.3.6 मध्ये. दोन्ही चुकांमुळे थ्रेशोल्ड हवा त्यापेक्षा सैल पडत होता, म्हणजे नसलेल्या गोष्टी दिसण्याची शक्यता वाढत होती. त्यांनी ते दडवलं नाही, जुने निकाल पुन्हा चालवून बघा असंही सुचवलं, याबद्दल मला आदर आहे. पण याचा अर्थ असाही की जुनी एएलई मेटा-अनॅलिसिस वाचताना आवृत्तीचा आकडा शोधावा लागतो, आणि कित्येकदा तो दिलेलाच नसतो. आमच्या विषयावरची एक जुनी मेटा-अनॅलिसिस मी तिच्याच तक्त्यांवरून नव्या आवृत्तीत चालवली. पाचपैकी दोन क्लस्टर उरले नाहीत.

तुलना हा या साधनाचा सगळ्यात कच्चा भाग वाटला. दोन गटांच्या अभ्यासांची तुलना करायची तर जिंजरएएलई एकाचा नकाशा दुसऱ्यातून वजा करतं आणि मग प्रयोग दोन ढिगांत पुन्हापुन्हा पिसून तो फरक योगायोगाने किती वेळा येतो ते बघतं. कल्पना चांगली आहे, पण लोक दोन ठिकाणी घसरतात. एक, काही जण तुलना करतच नाहीत. ‘पहिल्या गटात इन्सुला आला, दुसऱ्यात नाही, म्हणून गट वेगळे’ एवढं लिहून मोकळे होतात. एक नकाशा थ्रेशोल्डच्या जरा वर, दुसरा जरा खाली, याला फरक म्हणत नाहीत. दोन, तुलना केली तरी जो फरक मिळतो तो गर्दीतला असतो, सक्रियतेतला नव्हे. एका बाजूला साठ प्रयोग आणि दुसऱ्या बाजूला अठरा असतील, तर मोठ्या ढिगाकडे झुकलेलं चित्र दिसण्याचा धोका आहेच. मैत्रिणीच्या प्रश्नात नेमकं असंच होतं. शेवटी आम्ही मोठ्या गटातून अठरा-अठराचे तुकडे पुन्हापुन्हा काढून तुलना चालवली. ते जिंजरएएलईच्या खिडकीतून हाताने करणं अशक्य, म्हणून निमारेकडे जावं लागलं.

निमारे ही पायथनची लायब्ररी. एएलई आहे, टोर वेगर यांच्या गटाची एमकेडीए ही शिखरांचीच दुसरी पद्धत आहे, पूर्ण नकाशे एकत्र करायला स्टोफर आणि फिशरपासून रँडम इफेक्ट्सपर्यंतच्या पद्धती आहेत, एकेक प्रयोग काढून निकाल किती हलतो ते तपासायची सोय आहे. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काय केलं ते कोडमध्ये उरतं. सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने ‘क्लस्टर दोनचा थ्रेशोल्ड काय होता’ विचारलं, तेव्हा जिंजरएएलईसाठी मला वही चाळावी लागली, निमारेसाठी फाइल उघडली. पायथन येत असेल तर सरळ तिथूनच सुरुवात करा. येत नसेल तर जिंजरएएलईवर शिकणं सोपं, कारण प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर घडतो.

परिणाम किती मोठा, हाच प्रश्न असेल तर सीड-बेस्ड डी मॅपिंग, म्हणजे एसडीएम-पीएसआय बघा. हुआकिम राडुआ यांचं काम. हे शिखराचा टी स्कोअर वापरतं, चिन्ह जपतं, तक्त्यात नसलेल्या जागी परिणाम किती असू शकेल याचे अनेक अंदाज घेतं, आणि शून्य निकालाचा अभ्यासही आत घेतं. अभ्यासांतल्या विषमतेचं माप असलेला आय-स्क्वेअर मिळतो, छापण्यातला पक्षपात तपासायचा फनेल प्लॉट मिळतो. माझ्या जुन्या जगाची भाषा. पण जे छापलेलं नाही त्याचा अंदाज घेताना ते काही गृहीतकं धरतं, आणि सगळे अभ्यास फक्त तक्त्यांवरून आलेले असतील तर निकालाचा बराच भाग त्या गृहीतकांवर उभा असतो. दोन-चार अभ्यासांचे पूर्ण नकाशे मिळाले की त्याचा खरा फायदा होतो.

न्यूरोसिंथ मी फक्त पहिला अंदाज घ्यायला वापरते. ताल यारकोनी आणि सहकाऱ्यांचं 2011 चं काम. हजारो पेपरांतले तक्ते यंत्रानेच उचलायचे आणि मजकुरातल्या शब्दांशी जोडायचे. वाढ की घट हे त्याला कळत नाही. ‘वर्किंग मेमरी’ टाकलं की कपाळामागचा आणि पॅरिएटल भाग लगेच उजळतो, नव्या विद्यार्थ्याला दाखवायला छान. त्यावर लेख उभा करू नका.

गुण देते ते असे. शिखरांची गर्दी शोधायला पाचपैकी चार, तुलनेला दोन, कामाची नोंद ठेवायला दोन, निकालाच्या तक्त्याला पूर्ण पाच. ज्यांच्या हातात छापील तक्त्यांखेरीज काही नाही आणि किमान वीस प्रयोग आहेत, त्यांनी निर्धास्त घ्यावं. ज्यांना नकाशे मिळू शकतात त्यांनी आधी नकाशे मागावेत. 2020 मध्ये एकाच डेटावर 70 गटांनी तेच नऊ दावे तपासले तेव्हा होय-नाही उत्तरांत बरीच तफावत पडली, पण थ्रेशोल्ड न लावलेले नकाशे एकत्र केल्यावर गटांमध्ये बरंच एकमत दिसलं. जे तक्त्यात हरवतं ते नकाशात शाबूत असतं.

आम्हीही पत्रं पाठवली. बहुतेकांची उत्तरं आली नाहीत, काहींनी डेटा उरला नाही असं कळवलं. एका निवृत्त संशोधकाने आठ आठवड्यांनी मेल केला: जुनी डिस्क सापडली, नकाशा जोडला आहे, डावं-उजवं तपासून घ्या, त्या वर्षी स्कॅनरची सेटिंग बदलली होती. त्या अभ्यासाच्या छापील तक्त्यात आमच्या भागाचं एकही शिखर नव्हतं, म्हणून जिंजरएएलईच्या हिशेबात तिथे तो अभ्यास गप्प होता. नकाशा उघडून मी थ्रेशोल्ड काढून टाकला. त्या जागी टी स्कोअर 2.6 होता, इतर अभ्यासांच्याच दिशेने.